पहिलीची लेकरं लिहिताना आडवी होतात. कोणत्या हालचाली घ्याव्यात?

प्रश्न: जि. प. शाळा, परभणी जिल्हा. पहिलीत २८ लेकरं. लिहिताना पार पाटीवर लोळतात, पेन्सिल मुठीत धरतात. परिपाठानंतर १५ मिनिटं मिळतात. काय घ्यावं?

उत्तर १: सर, लोळणं म्हणजे आळस नव्हे, पाठ-पोटाचे स्नायू दमतात. अस्वलचालीपासून सुरू करा: तळहात-तळपाय जमिनीवर, गुडघे वर, ५ मीटर जाऊन-येऊन ३ फेऱ्या. जमली की खेकडाचाल, म्हणजे उताणं होऊन तसंच चालायचं. यात कंबर लोंबते. लोंबली की अंतर निम्मं करा, फेऱ्या तेवढ्याच. मार्चपासून पटांगण तापतं, तळहात भाजतात. तेव्हा वर्गात सतरंजीवर घ्या.

उत्तर २: लंगडी राहिली की! दोन्ही पायांवर, आळीपाळीनं. नाहीतर लेकरं सोयीचाच पाय धरून बसतात. उजवा हात डाव्या गुडघ्याला लावायचा प्रकारही घ्या, पण सावकाश. घाईत त्याच बाजूचा हात लागतो. यानं ‘मेंदूचे दोन भाग जुळतात’ असं सांगतात, त्याला भक्कम पुरावा नाही. तोल सुधारतो, तेवढं बास.

उत्तर ३: मुठीसाठी चिंचोके. पाच चिंचोके एका मुठीत. अंगठ्यानं एकेक बोटांच्या टोकाशी सरकवून वाटीत टाकायचा. दुसरा हात पाठीमागं, नाहीतर तो मदतीला येतोच. आणि नवी लांब पेन्सिल देऊ नका, बोटभर तुकडा द्या. तो मुठीत धरून लिहिणं अवघड जातं, बहुतेकदा चिमटीतच येतो.

प्रश्नकर्ता: चिंचोके घरोघरी आहेत. सोमवारपासून अस्वलचाल.