ई५२०० ला जी३१ बोर्डावर ३ गिगाहर्ट्झपर्यंत नेता येईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कराडला वडिलांचं डीटीपी आणि रेडियम कटिंगचं दुकान आहे. तिथला पीसी २००९ चा: पेंटियम ड्युअल-कोर ई५२००, जी३१ चिपसेटचा अगदी साधा बोर्ड, डीडीआर२-८०० च्या १-१ जीबीच्या दोन रॅम, विंडोज एक्सपी. तो बदलता येत नाही. कटिंग प्लॉटर सिरियल पोर्टवर चालतो आणि त्याचं सॉफ्टवेअर एक्सपीच्या पुढे जात नाही. प्लॉटर अजून धडधाकट आहे, त्यामुळे पीसीही टिकवायचाय.

काचेवर टाकायचं नाव वगैरे झटपट होतं. पण गणपती मंडळाचं मोठं डिझाइन, सावल्या आणि ग्रेडियंटसकट, कोरलमधून एक्सपोर्टला टाकलं की घड्याळ लावून ५० सेकंद जातात. सीझनमध्ये गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि वडील दर थोड्या वेळानं तेच करत बसलेले असतात. त्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ५० टक्क्यांवर थांबतो, म्हणजे एकच कोर राबतोय. म्हणून जुना चार कोरचा प्रोसेसर शोधण्यात अर्थ नाही, क्लॉकच, म्हणजे प्रोसेसरचा वेगच, वाढवायला हवा असं माझं मत झालं.

आधी कूलर काढला. पेस्ट खडूसारखी सुकलेली, नखानं खरवडली तर भुगा पडला. चार पिनांपैकी एक पिन बोर्डात पूर्ण बसलेलीच नव्हती. साफ करून नवी पेस्ट लावली, चारही पिना 'टक' आवाज येईपर्यंत दाबल्या. प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं प्राइम९५ चालवल्यावर तापमान ७१ अंशांवर जायचं, ते ५८ वर थांबलं.

बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) एफएसबीचा आकडा, म्हणजे बोर्डाचा मूळ क्लॉक मेगाहर्ट्झमध्ये, आणि डीरॅम फ्रीक्वेन्सी, म्हणजे रॅमचा वेग, एवढंच बदलता येतं. व्होल्टेजचा पर्यायच नाही. मल्टिप्लायर (एफएसबीला ज्यानं गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) १२.५ च्या वर जात नाही, त्यामुळे मूळच्या २०० वरून एफएसबी दहा-दहानं चढवला. २२० ला २.७५ गिगाहर्ट्झ, सगळं सुरळीत. २३० ला एक्सपीच्या लोगोखालची पट्टी दोन फेऱ्या मारते आणि निळा स्क्रीन येतो. २४० ला डिस्प्लेच येत नाही, बायोसच्या सेटिंग्ज पुसणारा सीएमओएसचा जंपर फिरवून परत आणावं लागलं.

व्होल्टेज कमी पडतंय का? बीएसईएल मॉड करून, म्हणजे प्रोसेसरखालच्या संपर्कबिंदूंची जोडणी बदलून, बोर्डाला थेट २६६ समजायला लावतात असं वाचलंय. ते करावं का? आणि २२० वर असताना रिकाम्या वेळी सीपीयू-झेडमध्ये (प्रोसेसरचा वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) १३२० मेगाहर्ट्झ दिसतं, ते काय आहे?

प्रतिसाद १

डीरॅम फ्रीक्वेन्सी 'ऑटो'वर आहे ना? मग प्रोसेसरच्या आधी रॅम पडतेय, असं मला जवळजवळ नक्की वाटतं. एफएसबी वाढवला की रॅमही त्याच प्रमाणात वर जाते. २०० ला ८०० असेल तर २३० ला ९२०, २४० ला ९६०. साध्या रॅमला ते झेपत नाही. तिथे हातानं ६६७ करा (हा आकडा एफएसबी २०० धरून असतो) आणि मग २४० द्या. रॅम बरोबर ८०० वर येईल, प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झवर. हा ४५ नॅनोमीटरचा चिप आहे, मूळ व्होल्टेजवर तेवढं बहुधा सोसतो.

बीएसईएलच्या वाटेला जाऊ नका. त्यानं ३.३३ गिगाहर्ट्झ होतात, आणि व्होल्टेज न वाढवता तिथे प्रत्येक चिप टिकेलच असं नाही. नाही टिकला तर दर वेळी कूलर उतरवायचा. दुकानाच्या मशीनवर हा खेळ नको.

पीसीआय एक्स्प्रेसचा (कार्डांच्या स्लॉटचा) क्लॉक बायोसमध्ये दिसत असेल तर १०० वर पक्का करा, एफएसबीसोबत तोही वाढला तर डिस्कवरच्या डेटाला धोका असतो. नसेल तर हार्ड डिस्कवर लक्ष ठेवा. वडिलांच्या डिझाइनची कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या, तीही आजच. १३२० ची काळजी नको, स्पीडस्टेप (वीज वाचवायची प्रोसेसरची सोय) रिकाम्या वेळी मल्टिप्लायर ६ वर आणतो.

धागाकर्ता

दादा, नेमकं तेच होतं! 'ऑटो'वरच होतं. आधी सगळ्या फाइल्स कॉपी केल्या, मग ६६७ आणि २४०. पहिल्या झटक्यात एक्सपी उघडलं. रात्रभर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ प्लस लावला, एकही चूक नाही. सकाळी प्राइम९५ सहा तास, तापमान ६२. पीसीआय एक्स्प्रेसचा पर्याय बायोसमध्ये नाही, म्हणून डिस्कही पूर्ण तपासून घेतली.

तेच डिझाइन आता ४२ सेकंदांत निघतं. वडिलांनी लगेच एका मंडळाचं नाव कापायला लावलं. प्लॉटर मध्ये कुठेही अडला नाही, जोडाक्षरांचे कोपरेसुद्धा नीट सुटले. २४० वरच ठेवतोय. मनापासून आभार.