शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेत जायचे असेल तर तयारी कशी असावी?

महालचे_मास्तर (प्रश्न)

सविनय नमस्कार. मी नागपुरातील एका खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि शिक्षक संघटनेचे काम बऱ्याच वर्षांपासून पाहतो. वेतन पथकात (शाळांचे पगार काढणाऱ्या शासकीय कार्यालयात) अडकलेली थकीत देयके, वैद्यकीय प्रतिपूर्तीचे प्रस्ताव, संचमान्यतेत (शाळेला मंजूर होणाऱ्या शिक्षकपदांच्या निश्चितीत) अतिरिक्त ठरलेल्यांचे दुसऱ्या शाळेत समायोजन अशी कामे घेऊन लोक माझ्याकडे येतात. त्यातूनच नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघातून मी पुढची निवडणूक लढवावी, असा आग्रह काही सहकाऱ्यांनी धरला आहे. नोकरीत राहून हे शक्य आहे का, पक्षाचा पाठिंबा कितपत आवश्यक आहे आणि निवडून आल्यावर शिक्षक आमदाराच्या हाती नेमके किती असते, याविषयी जाणकारांनी लिहावे.

धरमपेठ_निवृत्त

सर, आधी नियमांचे बोलू. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी शिक्षकांसाठी ७ आणि पदवीधरांसाठी ७ जागा आहेत आणि सदस्याची मुदत सहा वर्षांची असते. आपल्या मतदारसंघात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. मतदार होण्यासाठी मागील सहा वर्षांत एकूण किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरील स्तराच्या संस्थेत अध्यापन केलेले असावे लागते, म्हणजे प्राथमिकचे आपले बांधव यातून पूर्णपणे बाहेर राहतात, आणि हे मला आजही पटत नाही. गंमत अशी की उमेदवार मात्र शिक्षक असलाच पाहिजे असे नाही. वयाची ३० वर्षे पूर्ण असणे आणि राज्यातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असणे पुरते. पदवीधर मतदारसंघातील उमेदवार पदवीधर असण्याची गरज नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच दिलेला आहे.

नोकरीविषयी सांगायचे तर शासकीय सेवेतील शिक्षकाला पदावर राहून उभे राहता येत नाही. आपण खाजगी अनुदानित शाळेत आहात, तेव्हा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांची १९८१ ची सेवाशर्ती नियमावली नीट वाचावी आणि संस्थेचे लेखी उत्तर हाती आल्याशिवाय नामनिर्देशनपत्र भरू नये. तोंडी होकारावर विसंबून पुढे अडचणीत आलेले लोक मी पाहिले आहेत.

जरीपटका_ज्युनिअर_कॉलेज

वरील माहितीत भर घालतो. या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह नसते आणि मत पसंतीक्रमाने द्यायचे असते. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेननेच नावासमोर १, २, ३ असे अंक लिहायचे. बरोबरची खूण केली किंवा अक्षरांत ‘एक’ लिहिले तर मत बाद होते. एकच जागा असल्याने वैध मतांच्या निम्म्यापेक्षा एक मत अधिक हा कोटा ठरतो आणि तो पहिल्या पसंतीत कोणालाच गाठता आला नाही, तर दुसऱ्या पसंतीची मोजणी सुरू होते. म्हणून इतर संघटनांच्या शिक्षकांशी वितुष्ट न घेता त्यांची दुसरी पसंती मागत फिरणे हा प्रचाराचा निम्मा भाग समजा.

चिन्ह नसले तरी पक्ष असतातच. २०१० आणि २०१७ मध्ये येथून निवडून आलेले नागो गाणार हे महाराष्ट्र राज्य शिक्षक परिषदेचे आणि भाजपच्या पाठिंब्याचे उमेदवार होते. २०२३ मध्ये त्यांचा पराभव करणारे सुधाकर अडबाले हे विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे होते आणि त्यांना महाविकास आघाडीचा पाठिंबा होता. दोघांच्याही मागे आधी संघटना होती आणि मग पक्ष आला, हे लक्षात घ्यावे. त्या वेळी १ नोव्हेंबर २००५ नंतर नियुक्त झालेल्यांच्या जुन्या पेन्शनचा (त्यांना न मिळणाऱ्या पूर्वीच्या निवृत्तिवेतन योजनेचा) प्रश्न इतका तापला होता की इतर मुद्दे ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हते, आणि निकालानंतर दीड महिन्यातच, मार्च २०२३ मध्ये, राज्यभर संपही झाला. शिवाय विधान परिषदेच्या निवडणुकीत उमेदवाराच्या खर्चाला कायद्याची कमाल मर्यादाच नाही, त्यामुळे समोरचा किती खर्च करील याचा अंदाज बांधता येत नाही.

सीताबर्डी_वाचक

मी थोडे वेगळे मत मांडतो. देयके आणि प्रस्ताव मार्गी लावणे हे संघटनेच्या पदाधिकाऱ्याचे काम आहे आणि ते आपण आजही करीतच आहात. तेवढ्यासाठी आमदारकी कशाला? हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमजवळ धरणे धरून बसलेल्या विनाअनुदानित शिक्षकांना भेटायला आमदार येतात, निवेदन घेतात, फोटो निघतो आणि पुढच्या डिसेंबरात त्याच मंडपात तीच माणसे पुन्हा दिसतात. सभागृहात तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी सूचना) आणि अर्थसंकल्पावरील चर्चा ही आयुधे ज्याला वापरता येतात, त्याचाच उपयोग होतो.

यासाठी प्रा. बी. टी. देशमुखांची कारकीर्द अभ्यासावी. नागपूर विद्यापीठ प्राध्यापक संघटनेचे नेतृत्व करणारा हा माणूस १९८० पासून २०१० पर्यंत अमरावती पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेत होता. प्राध्यापकांच्या प्रश्नांइतक्याच चिकाटीने त्यांनी विदर्भाच्या सिंचन अनुशेषाचे (इतर भागांच्या तुलनेत मागे राहिलेल्या सिंचनाचे) आकडे सरकारपुढे मांडले. तीस वर्षांनंतर २०१० मध्ये त्यांचा पराभव झाला. मतदार अभ्यासावर कायम मत देतात असे मी म्हणणार नाही. पण शिक्षकाने राजकारणात जाऊन शिक्षकांचाच वकील राहू नये, असे माझे ठाम मत आहे. दुसरा मार्ग प्रा. वसंत पुरके यांचा: ते विधानसभा मतदारसंघातून सर्व मतदारांच्या मतांवर निवडून आले आणि शालेय शिक्षणमंत्री झाले. तिथे शेतकऱ्याला आणि मजुरालाही उत्तर द्यावे लागते.

महालचे_मास्तर

सर्वांचे आभार. सीताबर्डीकर सरांचा मुद्दा थोडा लागला, पण विचार करण्यासारखा आहे. एक शंका उरते: जुनी मतदार यादी मिळवून त्यावरून संपर्क सुरू केला तर चालेल का?

धरमपेठ_निवृत्त

संपर्कासाठी चालेल, मतांचा हिशेब करण्यासाठी नाही. प्रत्येक निवडणुकीसाठी ही यादी नव्याने तयार होते, १ नोव्हेंबर हा अर्हता दिनांक (मतदाराची पात्रता ज्या दिवशी मोजतात तो दिवस) धरला जातो आणि मागच्या वेळी नाव असलेल्यालाही नमुना १९ (नावनोंदणीचा अर्ज) पुन्हा भरावा लागतो, त्याला संस्थाप्रमुखाचे सेवेचे प्रमाणपत्र जोडून. मागच्या वेळी सहा जिल्ह्यांत मिळून मतदार चाळीस हजारांहून थोडे कमी होते. त्यातील सिरोंचा किंवा देवरीसारख्या दूरच्या तालुक्यांतील शाळांचे अर्ज वेळेत भरून घेणारा माणूस आपल्याकडे आहे का, ते आधी पाहावे.