प्लग तिरका बसला, हेडचे आटे गेले: हेड न उतरवता दुरुस्ती होईल का?

बोनेट_खाली: गाडी मारुती ८००, कार्बोरेटरवाली. घरीच स्पार्क प्लग बदलताना मधल्या सिलिंडरचा प्लग तिरका शिरला आणि पान्याने तसाच आवळला गेला. आता प्लग घट्ट होतच नाही, नुसता फिरतो. इंजिन चालू केलं की तिथून फट्-फट् आवाज येतो आणि मिसिंग आहे (तो सिलिंडर नीट पेट घेत नाही). प्लग काढल्यावर आट्यांत अल्युमिनियमचा चुरा दिसला. टेफ्लॉन टेप किंवा एम-सील लावून भागेल का? हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवायचं टाळता आलं तर बरं.

लेथवाला: आधी इंजिन चालू करणं बंद करा. फटीतून जळता वायू बाहेर येतो, तो उरलेले आटेही खातो आणि प्लग उडून बाहेर येऊ शकतो. टेप आणि एम-सील दोन्ही विसरा. प्लगची उष्णता आट्यांतून आणि सीटवरूनच हेडमध्ये जाते, अर्थिंगही तिथूनच मिळतं. मध्ये काहीही भरलं की प्लग तापणार, आणि त्या तापमानाला एम-सील टिकणारही नाही.

बॅटरी टॉर्च लावून भोकात नीट बघा. फक्त वरचे दोन-तीन आटे चेपले असतील तर एम१४ × १.२५ चा (१४ मिमी व्यास, १.२५ मिमी पिच) थ्रेड चेझर, म्हणजे चेपलेले आटे सरळ करायचं हत्यार, ग्रीस लावून हाताने फिरवा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. नवीन आटे कापणारा साधा टॅप शक्यतो नको, तो जुनी वाट सोडून दुसरी धरतो. तुमच्याकडे प्लग नुसता फिरतोय, म्हणजे बहुधा इन्सर्टच (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायचे नवे आटे) लागेल.

कोल्हापूरकर: इन्सर्टमध्ये दोन प्रकार: तारेची हेलिकॉइल आणि भरीव बुश. प्लगसाठी बुश जास्त भरवशाचा. त्याला वर कॉलर असते, त्यामुळे तो खाली सरकत नाही आणि उष्णताही चांगली वाहून नेतो. प्लगची रीच (आट्यांच्या भागाची लांबी) १९ मिमी आहे, बुशही त्याच लांबीचा घ्या. आखूड घेतला तर खालचे उघडे आटे कार्बनने भरतात आणि पुढच्या वेळी प्लग निघता निघत नाही.

बुशसाठी भोकात मोठ्या मापाचे आटे टॅपने कापावे लागतात. हेड न उतरवता होतं, पण चुरा आत जाऊ देऊ नका. इंजिन पूर्ण गार हवं. भोकावर बोट धरून क्रँक पुलीचा बोल्ट हाताने फिरवा. हवा बोटाला ढकलायला लागली की थांबा: तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि पिस्टन खाली असतो. चुरा व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसत नाही आणि टॅप पिस्टनला लागत नाही. टॅपच्या खाचा जाड ग्रीसने भरा, दर दोन फेऱ्यांना बाहेर काढून पुसा. शेवटी व्हॅक्यूम क्लीनरला बारीक नळी जोडून आतलं ओढून घ्या. मग प्लग न लावता, कॉइलची मुख्य वायर अर्थ करून, स्टार्टर पाच-सहा सेकंद मारा. भोकासमोर तोंड नको.

टॅप सरळ धरणं हेच खरं कौशल्य. तिरका गेला तर प्लगचा वॉशर एका बाजूलाच टेकतो आणि गळती तशीच राहते. हात बसलेला नसेल तर एवढं काम लेथवाल्याकडून करून घ्या.

बोनेट_खाली: बुशच बसवतो. नंतर प्लग किती आवळायचा? आणि कॉपर ग्रीस लावू का?

लेथवाला: वॉशरवाला १४ मिमी प्लग अल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा) नसेल तर हाताने वॉशर टेकेपर्यंत, मग नवीन प्लगला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. तोच प्लग पुन्हा लावताना घड्याळाच्या एका तासाएवढा, म्हणजे १/१२ फेरा. वॉशर आधीच चेपलेला असतो. कॉपर ग्रीस नको. आटे घसरडे झाले की तोच टॉर्क दाखवतानाही प्लग जास्त ताणला जातो.

सुरुवात पान्याने कधीच नाही. प्लगच्या पांढऱ्या टोकावर पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा चढवा आणि त्यानेच फिरवा. आधी उलटा फिरवा, 'टक्' झालं की सुलटा. आटे चुकले असतील तर नळी प्लगवर घसरते आणि हेड वाचतं.

कोल्हापूरकर: काम झाल्यावर तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतल्या हवेचा दाब) तपासा, तिन्ही आकडे जवळजवळ हवेत. प्लगभोवती साबणाचं पाणी टाकून इंजिन गार असतानाच चालू करा. बुडबुडे आले तर बंद करून कॉलर नीट टेकली आहे का बघा, प्लग आणखी आवळू नका.