विषय: पाणी उकळून प्या म्हणून सांगितलंय, शहापूरच्या घरी काय काय करायचं?

मस्कतहून:

नमस्कार मंडळी,
बेळगावातल्या शहापूरला आमच्या गल्लीत गटाराशेजारी पाण्याची पाइप फुटली आहे. पाणी उकळून प्या, असं घंटागाडीवरून सांगून गेले. घरी आई-बाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे, वहिनी सातव्या महिन्यात, पुतण्या दीड वर्षाचा. जमिनीखाली ५,००० लिटरचा संप (पाण्याचा हौद), वर १,००० लिटरची टाकी, स्वयंपाकघरात आरओ, मागे जुनी विहीर. आरओ असताना उकळायचं कशाला, असं बाबांचं म्हणणं. ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी सविस्तर लिहा, मी आईला फोनवर वाचून दाखवीन.

टिळकवाडीहून:

ताई, सूचना नळाच्या पाण्याबद्दल असते, पण आपल्याकडे प्यायला जातं ते संपातलं. राकसकोप जलाशयाचं असो वा हिडकल धरणाचं, पाणी शुद्ध करूनच सोडतात. बिघडतं ते वाटेत. चोवीस तास पाण्याचे प्रभाग सोडले तर इतर ठिकाणी नळ काही दिवसांनी येतो. मधल्या काळात पाइपमध्ये दाब नसतो, तेव्हा फुटक्या जागेतून आणि ढिल्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी नळ आला की पहिल्या लोटाबरोबर ते घरात येतं. म्हणजे सूचना कानावर पडायच्या आधीच ते तुमच्या संपात उतरलेलं असू शकतं. संप, वरची टाकी, आरओची टाकी, माठ, फ्रीजमधल्या बाटल्या आणि बर्फ, सगळं संशयित धरा. बर्फ आणि भरून ठेवलेल्या बाटल्या आजच ओतून टाका.

वॉल्व्हमनला किंवा वॉर्डातल्या माणसाला गाठून एवढं विचारा: पाण्यात गटार मिसळलंय, की डिझेल, कीटकनाशक असलं काही? उकळल्यानं जंतू मरतात, रसायन जात नाही. तसा वास किंवा तवंग असेल तर ते पाणी पिण्या-स्वयंपाकाला घ्यायचंच नाही, टँकरचं किंवा सीलबंद आणायचं.

आता उकळण्याबद्दल. गढूळ असेल तर आधी घागरीत स्थिर होऊ द्या, वरचं निवळ पाणी चार घड्यांच्या धुतलेल्या सुती कापडातून गाळा. मग झाकण ठेवून तापवा. तळाशी बारीक बुडबुडे दिसले म्हणजे उकळलं असं नव्हे. सगळं पाणी खालवर होऊन खळखळलं पाहिजे, आणि तिथून पुढं एक मिनिट. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, इथं पाणी ९७-९८ अंशालाच उकळतं, पण जंतू मरायला तेवढं पुरतं. तीन मिनिटं लागतात ती २,००० मीटरच्या वरच्या गावांना. वीस-वीस मिनिटं उकळत ठेवून गॅस घालवू नका. १० लिटर पाण्याला झाकण ठेवून साधारण १०० ते १२५ ग्रॅम गॅस जातो. त्यांच्या घराला पिण्याला आणि वरच्या वापराला दिवसाला १५ लिटर धरा, सकाळ-संध्याकाळ दोन खेपांत. बंबातलं कडक पाणी चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालणार नाही. ते खळखळत नाही, आणि आतून बंब कधी घासलेला नसतो.

घरोघरी चूक होते ती यानंतर. उकळलेलं पाणी थंड होताना उघडं राहतं, किंवा न धुतलेल्या माठात ओततात, किंवा त्यात हातासकट तांब्या बुडतो. उकळलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळं नंतर पडलेला जंतू मारायला त्यात काहीच नसतं. ज्या भांड्यात उकळलं त्यातच, झाकण न काढता, निवू द्या. मग तोटीच्या पिंपात भरा. तोटीचं पिंप नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, तेही वर टांगून. आदल्या दिवशीच्या पाण्यात आजचं मिसळू नका.

बाबांच्या आरओबद्दल: सूचना असेपर्यंत त्याच्यावर भिस्त नको. पाणी गढूळ असलं की यूव्ही (अतिनील) दिव्याचा प्रकाश आतपर्यंत पोचत नाही, गाळणारा पडदा किंवा सील झिजलेलं असलं तर बाहेरून कळत नाही, आणि शुद्ध झालेलं पाणी पडतं ते त्याच्याच टाकीत. आरओचं पाणी घ्या, पण उकळून घ्या.

विहिरीकडे तर वळूच नका. गटाराशेजारची विहीर त्याच जमिनीतून पाझरतं ते पाणी देते, आणि बेळगावच्या पश्चिमेला, खानापूरकडे जांभ्यात तर झिरपा फारच लवकर होतो. वापरायचीच असेल तर ब्लीचिंग पावडर: १,००० लिटरला अडीच ग्रॅम. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते साधारण २८,००० लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. पावडर ताजी, ३३ टक्के क्लोरीनची हवी. उघड्या पुडीतली मेलेली असते. प्लास्टिकच्या बादलीत लगदा करून पाणी घाला, दहा मिनिटं थांबा, वरचं निवळ विहिरीत सोडून ढवळा, खालचा चुना टाकून द्या. तासाभरानं क्लोरोस्कोपवर (पाण्यातलं क्लोरीन मोजायच्या संचावर) लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पाण्यात घाण जास्त आहे, पुन्हा तेवढाच डोस. आणि संडासच्या ॲसिडजवळ ही पावडर नेऊ नका, एकत्र आली की विषारी वायू सुटतो.

खानापूरहून (आरोग्य खात्यात काम केलेली):

वरचं सगळं बरोबर. वहिनींसाठी वेगळं लिहिते. गटाराच्या पाण्यातून हिपॅटायटिस ई पसरतो, आणि शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर १०० पैकी २० ते २५ बायका दगावू शकतात. त्यामुळं त्यांच्या बाबतीत ‘एवढ्यानं काय होतंय’ नको. दात घासायला, चूळ भरायला, गोळी घ्यायला उकळलेलंच पाणी. कोथिंबीर, काकडी, कांदा त्याच पाण्यानं धुवायचा, नाहीतर शिजवूनच खायचा. ताक आणि सोलकढी लोक हमखास विसरतात. दही घरचं असतं, घुसळायला पाणी नळाचं! चहाची काळजी नाही, तो उकळतोच. अंघोळ चालेल, तोंड मिटून. बाळाला मात्र ओल्या फडक्यानं पुसून घ्या, ते पाणी गिळतं. भांडी घासून पूर्ण वाळवा.

जुलाब लागले तर ओआरएसची मोठी पुडी पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, अर्धी पुडी अर्ध्या लिटरला असला हिशेब नको. पुडी नसेल तर १ लिटरला ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. २४ तासांनी उरलेलं टाका. तांदळाच्या पेजेच्या पाण्यासारखे जुलाब, लघवी बंद, किंवा बाळ मलूल झालं तर रात्र काढू नका, दवाखाना गाठा. आणि कावीळ दिसायला दोन ते दहा आठवडेही लागतात. सूचना उठल्यावर महिन्यानं डोळे पिवळे दिसले तरी याच पाण्याची आठवण ठेवून डॉक्टरांना सांगा. झाडपाल्याच्या औषधात दिवस घालवू नका, गरोदर बाईच्या बाबतीत तर मुळीच नाही.

मस्कतहून:

मनापासून आभार. आईनं वहीत उतरून घेतलं. सूचना उठली की लगेच नळाचं प्यायचं का?

टिळकवाडीहून:

लगेच नाही. पहिल्यांदा नळ येईल तेव्हा पाणी संपात घेऊ नका. ते निवळ दिसेपर्यंत, निदान पाच मिनिटं, बाहेर सोडा. संप आणि वरची टाकी रिकामी करून घासा. संपात माणूस उतरणार असेल तर झाकण आधी बराच वेळ उघडं ठेवा, वर दुसरा माणूस उभा हवा, आणि ब्लीचिंग आत माणूस असताना टाकायचं नाही. धुतल्यावर भरून १,००० लिटरला १५० ग्रॅम पावडर, वरच्यासारखीच निवळून, २४ तास ठेवायची. तुमच्या संपाला ७५० ग्रॅम. ते पाणी पिण्याचं नाही. घरातल्या प्रत्येक तोटीतून थोडं सोडा, गीझरमधूनही, मग सगळं ओतून टाका आणि नव्या पाण्यानं दोनदा खंगाळा. आरओची लाइन तेवढी आधीच बंद करा, क्लोरीननं पडदा जातो. त्याचे फिल्टर नवे घाला, टाकी धुवून घ्या, पहिलं एक-दोन टाक्या पाणी झाडांना.