प्रार्थना, अर्ध्यावर झेंडा, आणि 'काहीच होत नाही' : अमेरिकेतल्या बंदुकांबद्दल

मृण्मयी_जर्सी

२०२५ च्या २७ ऑगस्टला मिनियापोलिसमध्ये अ‍ॅनन्सिएशन शाळेची मुलं सकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये बसली होती. शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. बाहेरून, खिडक्यांतून गोळ्या आल्या. दोन मुलं गेली, एक आठ वर्षांचं आणि एक दहा. महापौर जेकब फ्राय वैतागून म्हणाले की नुसतं 'थॉट्स अँड प्रेअर्स' (आमच्या प्रार्थना तुमच्यासोबत) नका म्हणू, ही मुलं प्रार्थनाच करत होती. पुढचे दोन दिवस टीव्हीवर भांडण कशावर? तर यात प्रार्थनेची टिंगल झाली का यावर.

माझी लेक दुसरीत आहे. जूनमध्ये कराडला माहेरी गेलो होतो, पोरांची लपाछपी चालली होती. बाकीची पलंगाखाली, पडद्यामागे, माळ्यावर. ही सापडेचना. शेवटी माझ्या आईला देवघरात दिसली. दिवा बंद केलेला, दाराच्याच भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. आई म्हणाली, "अगं, दाराशेजारी कुणी लपतं का?" तर म्हणे, "आज्जी, दाराच्या काचेतून बघितलं तर हीच जागा दिसत नाही." आमच्या देवघराच्या दाराला काच नाही. तिच्या वर्गाच्या दाराला आहे. न्यू जर्सीत दर महिन्याला आगीच्या ड्रिलबरोबर एक सिक्युरिटी ड्रिल, म्हणजे शाळेत बंदूकधारी वगैरे शिरला तर काय करायचं याचा सराव, कायद्यानेच घ्यावं लागतं. आई आल्यागेल्याला कौतुकाने सांगत होती, "पोर काही हूं की चूं करत नाही." मी गप्प बसले.

आता मुद्दा. आमच्या मराठी ग्रुपवर दर गोळीबारानंतर एकच वाक्य पडतं : सँडी हूकनंतर काही झालं नाही, आता काय होणार! २०१२ च्या डिसेंबरात कनेक्टिकटमधल्या त्या शाळेत २० पोरं आणि ६ मोठी माणसं मेली, आणि चार महिन्यांनी बंदूक विकताना पार्श्वभूमी तपासायची साधी दुरुस्ती सिनेटमध्ये ५४ मतं मिळूनही पडली, कारण ६० लागत होती. हे खरं. पण 'काहीच होत नाही' हे मला आता आळशी वाक्य वाटतं. २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत १७ जण गेल्यावर फ्लोरिडात रिपब्लिकन गव्हर्नरने महिन्याच्या आत बंदूक खरेदीचं वय सरसकट २१ केलं, आणि धोकादायक माणसाची बंदूक कोर्टाच्या हुकमाने तात्पुरती काढून घेण्याचा रेड फ्लॅग कायदाही आणला. २०२२ च्या मे महिन्यात टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत गोळीबार झाला आणि २५ जूनला केंद्राचा कायदा झाला, जवळपास तीस वर्षांतला पहिला मोठा. फक्त त्याच्या दोनच दिवस आधी सुप्रीम कोर्टाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना नियम उडवला. सोबत पिस्तूल बाळगायला खास कारण द्यावं लागायचं, ते आता लागत नाही. म्हणजे होतं बरंच, पण दोन्ही दिशांना. हातपाय गाळून बसणाऱ्यांचा फायदा कुणाला होतो, ते सांगायला नकोच.

फुकटचा_सल्ला

परत या. एवढंच.

मृण्मयी_जर्सी

आला पहिला. तिकिटाचे पैसे पाठवताय का?

ऑस्टिनकर

ताई, तुमच्या लेकीचा किस्सा वाचून पोटात कालवलं, आधी तेच लिहितो. माझीही मुलगी नऊ वर्षांची आहे. आणि माझ्या घरी बंदूक आहे. आता मारा दगड.

आम्ही शहराबाहेर राहतो. शेरीफला फोन केला तर गाडी यायला वीस-पंचवीस मिनिटं. २०२० मध्ये ग्लॉक पिस्तूल घेतलं. दुकानात फॉर्म ४४७३ भरला. त्यात गुन्हा, व्यसन, घरगुती हिंसाचार, कोर्टाने मनोरुग्ण ठरवलंय का, सगळं विचारतात, आणि खोटं लिहिलं तर तोच गुन्हा. मग त्यांनी एफबीआयच्या यंत्रणेत तपासलं. 'अमेरिकेत बंदूक भाजीसारखी मिळते' असं पुण्यात बसून लिहिणाऱ्यांनी एकदा तो फॉर्म बघावा.

दुसरं. जे टीव्हीवर दिसतं ते, म्हणजे शाळा, चर्च, मॉल, हे बंदुकीच्या एकूण मृत्यूंत शंभरात एक-दोनही नाही. बहुतेक खून साध्या पिस्तुलाने होतात, सगळ्या रायफली मिळूनही थोड्या टक्क्यांत येतात. तरी दरवेळी मागणी कशाची, तर एआर-१५ रायफल बंद करा. १९९४ ते २००४ दहा वर्षं बंदी होती. त्यात पिस्तुलासारखी मूठ, संगिनीची खाच, असली वैशिष्ट्यं मोजून रायफल वाईट की चांगली ते ठरायचं. कंपन्यांनी खाच काढली आणि तीच रायफल विकली.

आणि तिसरं, युवाल्डीच. ३७६ पोलिस जमले होते. ७७ मिनिटं. आत पोरं ९११ ला फोन करत होती आणि बाहेर पोलिस आईबापांना अडवत होते. त्यांच्या भरवशावर मी माझं घर सोडू?

मृण्मयी_जर्सी

तपासणी दुकानात होते. खासगी माणसाकडून घेतली तर केंद्राचा कायदा काही विचारत नाही, तुमच्या टेक्सासचा तर नाहीच. आणि तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर दुकानदार तशीच विकू शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ माणसं मारणाऱ्याला पिस्तूल असंच मिळालं होतं. तो फॉर्म मी बघितलाय. त्याला पडलेली भोकंही बघितलीत.

युवाल्डीचं तुम्ही सांगितलंत ते अक्षरशः खरं, पण त्याचा अर्थ मला उलटा लागतो. ३७६ शस्त्रधारी, प्रशिक्षित माणसं एका अठरा वर्षांच्या पोराला का घाबरली? त्याच्या हातात काय होतं म्हणून? त्याने ते वाढदिवसानंतर लगेच, दुकानातून, सगळे नियम पाळून घेतलं होतं.

खंडेनवमी

दसऱ्याला शस्त्रं पुजणारे आपण, आणि इथे अहिंसेचे धडे चाललेत. १८७८ चा शस्त्रकायदा आणून व्हाइसरॉय लिटनने हा देश निःशस्त्र केला. खुद्द गांधींनी आत्मचरित्रात लिहिलंय की ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांत अख्ख्या राष्ट्राची शस्त्रं काढून घेणारा कायदा इतिहास सर्वांत काळा मानेल. अमेरिकन लोक हे वाक्य टी-शर्टावर छापतात, आपण विसरलो. २६/११ ला सीएसटीवर चार प्रवाशांकडे जरी पिस्तूल असतं तरी चित्र वेगळं दिसलं असतं.

बीडकर_अण्णा

खंडेनवमी, ते वाक्य कुठलं आहे ते बघा एकदा. १९१८ ला खेडा जिल्ह्यात गांधीजी इंग्रजांच्या सैन्यासाठी भरती करत फिरत होते, त्या पत्रकातलं आहे. पुढचं म्हणणं असं, की हा कायदा जावा असं वाटत असेल तर पलटणीत या, शस्त्र चालवायला शिका. म्हणजे सैन्याची भरती, उशाखाली पिस्तूल नाही.

आणि सीएसटीवर गर्दीत चार जणांनी चार बाजूंनी गोळ्या झाडल्या असत्या तर कोण कोणाला लागला असता, ते पोलिसांना विचारा. कसाबला गिरगाव चौपाटीवर जिवंत धरला तो तुकाराम ओंबळे यांनी. त्यांच्या हातात बंदूक नव्हती.

माझं सांगतो. वडिलांच्या नावावर बारा बोअरची दुनळी आहे, डुकरांसाठी. आचारसंहिता लागली की पोलिस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की पावती दाखवून घरी आणायची. त्या दोन महिन्यांत डुकरं मोकाट, ज्वारी झोपलेली, पण कुणी म्हणत नाही की सरकारने आमचं स्वातंत्र्य हिरावलं. एवढं कडक आहे म्हणावं, तर २०२४ च्या अखेरीस मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाल्यावर कळलं की आमच्या जिल्ह्यात हजारावर परवाने वाटलेत! कमरेला पिस्तूल लावून लग्नात मिरवणारे मी स्वतः बघितलेत. पुढे बरेच परवाने रद्द झाले. गावठी कट्ट्यांची तर मोजदादच नाही. कायदा असून आमची ही गत. तिकडे शंभर माणसांमागे १२० बंदुका असल्याचं स्मॉल आर्म्स सर्व्हेचं अनुमान आहे, भारतात पाच. त्या १२० चं काय करणार ते तुम्हीच सांगा राव, मला तरी सुचत नाही.

मन्या_मेलबर्न

ऑस्ट्रेलियाने केलं की. एप्रिल १९९६, पोर्ट आर्थर, ३५ माणसं. जॉन हॉवर्ड पंतप्रधान होऊन दोन महिने झाले नव्हते, आणि माणूस उजव्या पक्षाचा. बारा दिवसांत सगळ्या राज्यांना एका टेबलावर बसवून करार केला. साधारण साडेसहा लाख बंदुका सरकारने पैसे देऊन घेतल्या आणि वितळवल्या. त्यासाठी सगळ्यांवर एक वर्ष जादा कर बसवला. सेल नावाच्या गावात शेतकऱ्यांपुढे बोलायला गेला तेव्हा कोटाच्या आत बुलेटप्रूफ जाकीट होतं, ते कापडातून दिसत होतं. आपल्याच मतदारांपुढे! नंतर म्हणाला, ते घालायला नको होतं. पण गेला, बोलला.

ऑस्टिनकर

मन्या, दरवेळी हॉवर्ड. तिथे बंदूक हा घटनेतला हक्क नव्हता. इथे शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती आहे, आणि २००८ मध्ये हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे.

मन्या_मेलबर्न

५ विरुद्ध ४. एक माणूस इकडचा तिकडे झाला असता तर हक्क नसता. आणि न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी त्याच निकालात लिहिलंय की हा हक्क अमर्याद नाही, गुन्हेगारांवर किंवा शाळांसारख्या जागी बंदी चालते. ते मात्र टी-शर्टावर कुणी छापत नाही.

रात्रपाळी

उशिरा लिहितेय, ड्यूटी होती. इलिनॉयमध्ये नर्स आहे, ट्रॉमा युनिटला.

तुम्ही सगळे गोळीबारावर भांडताय. २०२३ मध्ये इथे बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसं मेली. त्यातल्या सुमारे २७,३०० आत्महत्या. निम्म्याहून खूप जास्त. त्यावर कुठला झेंडा अर्ध्यावर उतरत नाही आणि कुठला महापौर माइकसमोर येत नाही.

आमच्याकडे गोळ्या खाऊन, म्हणजे औषधाच्या, आलेली माणसं वाचतात. बहुतेक वाचतात. चार दिवसांनी सूप पितात, मला सॉरी म्हणतात, आई येऊन केस विंचरते. बंदुकीने प्रयत्न केलेल्या दहातले जवळजवळ नऊ मरतात, आणि त्यातले बरेच आमच्यापर्यंत येतच नाहीत. त्या दोन माणसांच्या मनातला अंधार वेगळा नसतो हो. त्या रात्री हाताला काय लागलं, एवढाच फरक. म्हणून 'बंदुकीचा नाही, मानसिक आजाराचा प्रश्न आहे' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आजार जगभर आहे.

एआर-१५ वर बंदी आली तरी माझ्या वॉर्डात फार फरक पडणार नाही, हे ऑस्टिनकरांचं मला पटतं. पण त्यावरून जो निष्कर्ष निघतो तो त्यांच्या सोयीचा नाही. मारणारं हत्यार घरातलं, साधं पिस्तूल आहे. ते ज्याच्या रक्षणासाठी घेतलं, बहुतेकदा त्याच्यावरच चालतं, नाहीतर त्याच्या पोरावर.

फुकटचा_सल्ला

मी मगाशी एका ओळीत उडवलं, माफ करा. २००७ ला व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ गेले, त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी होती. माझा भाऊ त्या वर्षी व्हिसाच्या रांगेत होता. आई दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी त्याची बॅग भरायला बसली. तेव्हापासून असं काही झालं की हात आपोआप 'परत या' लिहितो. भाऊ आला नाही. डॅलसला घर घेतलंय. बंदुकीचं विचारायची हिंमत झालेली नाही.

खंडेनवमी

भावनांवर कायदे होत नसतात.

मृण्मयी_जर्सी

होतात की. सँडी हूक झालं त्या डिसेंबरात बंदूक खरेदीच्या तपासण्यांनी तोवरचा विक्रम मोडला. बंदी येईल या भीतीने लोक रांगा लावून उभे होते. भीती ही भावनाच. आणि त्याच लेकरांच्या आईबापांना 'तुमचं पोर मेलंच नाही, सगळं नाटक आहे' म्हणून छळणारेही होते. असल्या कटाच्या कहाण्या पसरवणाऱ्या अ‍ॅलेक्स जोन्सला त्याबद्दल कोर्टाने जवळपास दीड अब्ज डॉलरची भरपाई द्यायला लावली. आधी शोक करायचा, मग शोक खरा आहे हे कोर्टात सिद्ध करायचं. कोरडे राहा हे सांगायचं ते त्यांना सांगा.

ऑस्टिनकर, मी तुम्हाला दगड मारत नाही. एकच विचारते. तुमच्या मुलीच्या मैत्रिणी खेळायला येतात तेव्हा त्यांच्या आया विचारतात का, घरात बंदूक आहे का म्हणून? मी हल्ली विचारते. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, कुत्रा, पोहण्याचा तलाव, बंदूक, एकाच दमात. पहिल्यांदा विचारताना घसा कोरडा पडला होता. समोरची बाई हसली आणि म्हणाली, बरं झालं विचारलंत, आहे, दाखवते.

ऑस्टिनकर

एकीने विचारलं होतं. खरं सांगतो, राग आला. मग तिला नेऊन तिजोरी दाखवली. पिस्तूल रिकामं, काडतुसं वेगळ्या डब्यात. मिशिगनमध्ये ऑक्सफर्डच्या त्या शाळेत चार पोरं मारणाऱ्या मुलाच्या आईबापांना २०२४ मध्ये दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हापासून बायकोने घरात याबाबत दंडुकाच धरलाय.

रात्रपाळी

मग वीस मिनिटं शेरीफ येत नाही तेव्हा ते पिस्तूल काढून भरायला किती वेळ लागतो?

ऑस्टिनकर

अंधारात, मोजून बघितलंय, मिनिटाच्या वर. हसू नका. पोर घरात आहे म्हणून तसंच ठेवलंय. तिजोरीला आकड्यांचं कुलूप आहे, आकडा मला आणि बायकोलाच माहीत.

मृण्मयी_जर्सी

आकडा कुणाच्या वाढदिवसाचा?

ऑस्टिनकर

बदलला.