लहान गाडीत सबवूफर डिकीत नको, सीटखाली हवा

घाटमाथा:
मेव्हण्याने बलेनोत १२ इंची सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा मोठा स्पीकर, बसवून घेतला. आवाज दणदणीत आहे, वाद नाही. पण दिवाळीत कोल्हापूरला निघालो तेव्हा सासूबाईंचा वॉकर डिकीत मावेना. शेवटी मागच्या सीटवर त्यांच्याच पायाशी आडवा टाकला आणि त्या साडेचार तास पाय आखडून बसल्या. तेव्हापासून हे डोक्यात आहे, म्हणून धागा काढतोय.

बलेनोची डिकी ३१८ लिटरची. १२ इंची पोर्टेड, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेल्या, डब्याला आतली जागाच ५०-५५ लिटर लागते, त्यात लाकडाची जाडी, शेजारी ॲम्प्लिफायर, आणि त्यावर बॅगा रचायच्या नाहीत. घरात एकच गाडी असेल तर हे परवडत नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे: ८ इंची ॲक्टिव्ह सबवूफर घ्या, ज्यात ॲम्प्लिफायर आतच असतो, आणि सीटखाली बसवा. उंची ७-८ सेंटिमीटर. ८० हर्ट्झच्या (सेकंदाला ८० कंपनांच्या) खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला जवळजवळ कळतच नाही, कारण त्याची लाट चार मीटरहून लांब असते. मग डिकी कशाला अडवायची?

मी डाव्या सीटखाली बसवलाय. ड्रायव्हरची सीट वर-खाली होते, पूर्ण खाली आणली की डब्याला टेकते. माप घेताना सीट सगळ्यात खाली आणूनच घ्या.

बारा_इंची:
असहमत. सीटखालचा सबवूफर म्हणजे बेस वाढवलेला स्पीकर. ८ इंचीच्या तुलनेत १२ इंची कोनचं, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याचं, क्षेत्रफळ सव्वादोन पट असतं, आणि खालच्या सुराला हवा हलवावीच लागते. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर असते. सीटखालचे बहुतेक डबे तिथवर पोचेपर्यंत दमतात. मी पाच वर्षं ढोलपथकात वाजवलंय. टिपरूचा (काठीचा) ठोका कानाला येतो, पण हाताच्या बाजूचा खर्ज पोटात येतो. तो गाडीत हवा असेल तर मोठा कोन लागतो.

मेव्हण्याची चूक डिकी निवडण्यात नाही, पोर्टेड डबा निवडण्यात आहे. बंद डबा घेतला असता तर आतली जागा साधारण २८ लिटर, म्हणजे निम्मी. बंद डब्याचा आवाज खालच्या सुरांकडे जाताना हळूहळू कमी होतो, आणि लहान गाडीची बंद केबिन साधारण ७० हर्ट्झच्या खाली आवाज आपोआप उचलते. दोन्ही एकमेकांना भरून काढतात. शिवाय हॅचबॅकमध्ये डब्याचं तोंड मागच्या दाराकडे करून बघा, मध्ये वीतभर जागा सोडा. माझ्या गाडीत एवढ्यानेच बेस भरला.

सीएनजीवाले:
आमच्याकडे वाद घालायला जागाच नाही. वॅगनआरची डिकी सिलिंडरने भरलेली, म्हणून सीटखालीच. पण एक कळकळीने सांगतो. बसवणारा मुलगा सरळ ड्रिल घेऊन फ्लोअरला भोक पाडायला निघाला होता. खालून गॅसची नळी जाते, पेट्रोलची जाते, ब्रेकची जाते. मी हात धरून थांबवलं. गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय एकही स्क्रू मारू देऊ नका. आमचा डबा सीटच्या रुळांना पट्ट्यांनी बांधलाय, दोन पावसाळे झाले, हललेला नाही.

तारतंत्री:
जागेवर एवढी चर्चा, वायरिंगवर कोणीच बोलत नाही! ५०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणाऱ्या ताकदीचा) ॲम्प्लिफायर जोरात चालला की बॅटरीतून ४५ अँपिअरच्या आसपास ओढतो. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. मित्राच्या गाडीत तो मागे, ॲम्प्लिफायरजवळ लावला होता. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर रबरी ग्रोमेटशिवाय (भोकाच्या कडेला बसवायच्या रिंगशिवाय) ओढलेली. पत्र्याच्या कडेने इन्सुलेशन कापलं आणि कात्रजच्या चढावर केबिनमध्ये जळका वास. मागचा फ्यूज शाबूत, कारण शॉर्ट त्याच्या आधीच झाला होता. बॉनेट उघडून बॅटरीची तार सोडवली म्हणून वाचलो.

अर्थिंगची वायर जिथे जोडायची तो पत्रा रंग घासून चकचकीत करा. वायर शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. सीटखालच्या पिवळ्या कपलरला (वायरच्या जोडणीला) हात लावू नका, ती एअरबॅगची वायर.

आणि बारा_इंची, तुमचा डबा बांधलाय का? १५-२० किलोची वस्तू आहे. समोरून धडक बसली तर मागच्या सीटची पाठ ती थोपवेलच असं नाही.

घाटमाथा:
बारा_इंची, ४१ हर्ट्झचं मान्य. तो सूर माझ्याकडे पुसट येतो. पण मी जास्त तबला ऐकतो, आणि डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड आता स्वच्छ ऐकू येते, आधी नुसता धप्प यायचा. त्यातही निम्मं श्रेय फेजच्या बटणाचं, ज्याने सबवूफरचा कोन बाकी स्पीकरांच्या तालात किंवा उलटा हलतो. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, मुलीला बटण ० आणि १८० वर फिरवायला सांगितलं. ० वर डग्गा पातळ, १८० वर भरदार. नवा स्पीकर घेण्याआधी एवढं सगळ्यांनी करावं.

बारा_इंची:
तारतंत्री, बांधलेला नव्हता. काल डिकीच्या हुकांना दोन बेल्टने आवळून घेतला. घाटमाथा, वॉकरची गोष्ट मनाला लागली, म्हणून वायरला कपलरही लावला. आता दोन मिनिटांत डबा निघतो. आई-बाबा गावाला निघाले की डबा घरात राहील. ते परतले की पुन्हा डिकीत.