रेने स्टाउटला फातिमा कशाला लागते?

पारवा: रेने स्टाउट ही कृष्णवर्णीय अमेरिकन कलाकार पिट्सबर्गला वाढली. लहानपणी तिथल्या कार्नेगी संग्रहालयात तिने काँगोची न्किसी पाहिली, म्हणजे अंगभर खिळे ठोकलेली लाकडी मूर्ती. 1988 मध्ये तिने स्वतःच्याच देहाचा साचा घेऊन न्किसीच्या धर्तीवर मूर्ती केली. पोटात काचेआड वाळकी फुलं आणि एका लहान मुलीचा फोटो. जबरदस्त काम! पुढे मात्र तिने फातिमा मेफिल्ड नावाची जडीबुटी देणारी, भविष्य सांगणारी बाई मनानेच उभी केली. आता बाटल्या, मुळ्या, सगळं फातिमाचं. मला ही माघार वाटते. आधी स्वतःचं अंग दिलं होतं की!

करवंद: माघार कसली? न्किसीच्या पोटात औषध भरून तिला जागी करतो तो न्गांगा. रेने न्गांगा नाही. उगाच अंगात आल्याचा आव आणण्यापेक्षा 'ही बाई मी रचली' म्हणणं सरळ नाही का?

पारवा: रचायची गरज काय? अमेरिकेच्या दक्षिणेत हूडू, म्हणजे कृष्णवर्णीयांचं जडीबुटी-मंत्रतंत्र, करणाऱ्या खऱ्या बाया होत्या, आजही आहेत. त्यांच्याकडे जायचं.

जुनी वही: अहो, त्यांच्यापैकी कितीजणींची नावं कुणी लिहून ठेवली? काँगो-अंगोलाकडची माणसं गुलाम म्हणून साउथ कॅरोलिनात उतरवली, त्यांच्याबरोबर हे ज्ञान आलं. गुरू, गाव, विधी मागेच राहिले. उरलं ते चोरून चालायचं. 2013 मध्ये फातिमाचं प्रदर्शन त्याच साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन या बंदराच्या शहरात लागलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जिची नोंदच नाही तिला रचूनच आणावं लागतं.

करवंद: आणि आपले नाथ? भारुडात जोशी झाले, गोंधळी झाले, महार झाले. त्यांनाही माघार म्हणणार?

पारवा: नाथांच्या श्रोत्यांच्या दारात खरा जोशी येत होता, सोंग कुठे संपतं ते त्यांना कळायचं. गॅलरीतल्या माणसाने हूडूवाली जन्मात पाहिलेली नसते. त्याला फातिमा हीच परंपरा वाटणार.

जुनी वही: संग्रहालयातली न्किसी तरी कुठे जागी असते? कित्येकींचं पोट रिकामं करूनच त्या युरोपात पोचल्या. शिवाय 1993 मध्ये स्मिथसोनियनच्या आफ्रिकन कला संग्रहालयाने रेनेचं काम काँगोच्या न्किसींबरोबरच मांडलं होतं.

पारवा: तेच म्हणतोय. तिथे शेजारी खरी न्किसी होती, तुलना करता येत होती. फातिमाच्या शेजारी कोण आहे?